वसंताच्या गाडीतला रेडिओ

टेलिफोन आला तेव्हा मी हॅम्बर्गच्या बंदरातल्या माझ्या ऑफिसात होतो. पलीकडून सुमतीवहिनी बोलत होत्या. "भाऊजी, ह्यांना हॉस्पिटलात नेलंय. कामावर निघाले आणि जिन्यातच कोसळले... गाडी दारात उभीय, पण मला कुठे चालवता येते?" मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वसंता गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. दीड महिना होत आला, तरी मला अजून त्याचा राग येतो. असं न सांगता-सवरता निघून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

तो सांगलीचा, मी पुण्याचा. शिकायला म्हणून दोघं इथे आलो, एका खोलीत राहिलो, बटाटे उकडून खाल्ले, आणि "एक-दोन वर्षं अनुभव घेऊन परत जाऊ" म्हणता म्हणता इथलेच झालो. वसंता मोटारीतले रेडिओ बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. बिघाड झालेले रेडिओ त्याच्या टेबलावर यायचे. बंद पडलेल्या यंत्राला आधी एक थप्पड द्यायची, ही माझी पद्धत. वसंता मात्र हात मागे बांधून नुसता ऐकत उभा राहायचा. "अरे दत्ता, काय बंद आहे ते सोड. काय चालू आहे ते बघ. दिवा लागतोय? म्हणजे करंट येतोय. गुणगुण ऐकू येतेय? म्हणजे स्पीकर शाबूत आहे." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "येणारी तार सगळे तपासतात रे, परतीची कोणी बघत नाही. अर्थिंग बघ, अर्थिंग!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या आधी मीच म्हणून टाकायचो, मग तो "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणून पाठीत धपका घालायचा.

त्याने जुनी गाडी घेतली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने रेडिओ बसवला, त्या वर्षीची गोष्ट. दसरा आला. गाडीची पूजा झालीच पाहिजे, असा वहिनींचा हट्ट. हळदकुंकू त्यांच्याजवळ होतं, हार कुठून आणायचा? आम्ही कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेलो आणि झेंडूचा हार सांगितला. म्हातारीने हळू आवाजात विचारलं, "कोण वारलं?" वसंता खो खो हसला. "कोणी नाही हो, गाडी घेतलीय!" तिला काय कळलं देव जाणे. कबरीवरच्या पुष्पचक्रासाठी ओवतात तशी तिने फुलं बारीक लोखंडी तारेत ओवून दिली. वहिनींनी तो हार मोठ्या हौसेने गाडीच्या एरियलला गुंडाळला, आणि रेडिओची बोलती बंद!

दिवा लागत होता, खरखर येत होती, स्टेशन मात्र एकही नाही. मी थप्पड सुचवली. वसंताने एरियलची तार रेडिओतून उपसली आणि तिथे वायरचा एक तुकडा खोचला. लगेच कोणीतरी गाऊ लागलं. "आल्झो, म्हणजे बिघाड बाहेर आहे," म्हणत तो भुरभुर पावसात गाडीभोवती फिरला आणि हारापाशी थबकला. हाराची तार एका टोकाला एरियलला, दुसऱ्या टोकाला गाडीच्या पत्र्याला टेकली होती. सगळी स्टेशनं एरियलवरून थेट पत्र्यात उतरत होती. वहिनींचा चेहरा उतरला. "पूजाच नडली म्हणायची." वसंताने फुलं सोडवून त्यांच्या ओंजळीत दिली आणि तार खिशात घातली. "पूजा नाही गं, तार नडली. कामाला येईल कुठेतरी."

त्या रेडिओचं पहिलं बटण त्याने एकाच स्टेशनवर बांधून ठेवलं होतं. सकाळी तिथे नद्यांच्या पाण्याची पातळी सांगत. एक रुक्ष आवाज एल्बेकाठच्या गावांची नावं घेई आणि पुढे आकडे. मला जांभया येत. पण सांगलीत पावसाळ्यात उठल्याबरोबर पुलावर जाऊन पाणी बघून येणारा माणूस तो! कृष्णा नाही तर एल्बे. खाली गाडीत आकडे ऐकून जिना चढायचा आणि दारातूनच सांगायचा, "सुमती, पाणी वाढलंय." वहिनी आतून म्हणत, "आपल्याला काय करायचंय त्यांच्या नदीचं?"

त्याच्या अंत्यविधीसाठी फुलं आणायला मी त्याच फुलवालीकडे गेलो. तिने तेच विचारलं.

वहिनी कायमच्या सांगलीला निघाल्या. आदल्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, जाताना त्यांचा रेडिओ एकदा ऐकवा." बाकी काही मागितलं नाही. सकाळी त्या गाडीत बसल्या, अस्थींचा कलश मांडीवर. मी बटण दाबलं. आवाज नाही. दिवासुद्धा लागेना. वसंता गेल्यापासून गाडी थंडीपावसात उभीच होती. फ्यूज बघितला, ठीक होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात थपडेसाठी उठला. वहिनी म्हणाल्या, "मारू नका. ते कधी मारत नसत."

मग मी स्टिअरिंगखाली आडवा झालो आणि परतीची तार शोधू लागलो. तिचा स्क्रू गंजून सैल पडला होता. शेजारीच सगळ्या वायरी एकत्र करून नीट बांधल्या होत्या, दसऱ्याच्या हाराच्या तारेने. मी तिथेच रडलो. गंज खरवडला, स्क्रू आवळला, पुन्हा बटण दाबलं. रेडिओतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. मग तो रुक्ष आवाज आला. गावांची नावं, पुढे आकडे.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कलशावर हात ठेवून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? पाणी वाढलंय."

गाडी आता माझ्याकडे आहे. पहिलं बटण मी हलवलेलं नाही. रोज सकाळी ते दाबतो आणि आकडे संपेपर्यंत गाडी जागची हलवत नाही.