उजवीकडं कोण?

छातीचं माप घेता घेता मास्तर मध्येच थांबायचे. टेप गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती आवळलेली, दोन्ही टोकं यांच्या चिमटीत, ओठांत टाचणी. अशा वेळी माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग टाचणी पडू न देता विचारायचे, "डावीकडं कोण? उजवीकडं कोण?"

नवखं गिऱ्हाईक भांबावून दोन्हीकडं बघायचं. लग्नाचा कोट शिवायला आलेला एक नवरदेव एकदा लाजत म्हणाला, "डावीकडं बायको येणार हाय की, पुढच्या म्हैन्यात." मास्तर हसले नाहीत. "तिला येऊ दे. आगीच्या रांगंत तुज्या डावीकडं कोण हाय, ते सांग."

माझी खानावळ त्यांच्या दुकानासमोर होती. गिरणीतली माणसं दोन्ही पाळ्यांना माझ्याकडं जेवायची, त्यामुळं सोलापुरातलं निम्मं आणि आमच्या बोळातलं सगळं माझ्या कानावर यायचं. शिंपी म्हणून विचाराल तर मास्तरांना वायदा पाळणं कधी जमलं नाही. माझ्या भाचीच्या लग्नाची चोळी तिच्या डोहाळेजेवणाला मिळाली. तेव्हा ती अंगात कशी जाणार? मी दुकानात जाऊन चार शब्द सुनावले, तर मला म्हणतात, "अक्का, चोळी उसवता येती. जळालेलं घर न्हाय." आता अशा माणसाशी काय भांडणार!

असं एखादं खूळ घेतलेला माणूस तुमच्याही आळीत असेल. कुणाला कबुतरांचं असतं, कुणाला भजनाचं. यांना आगीचं होतं. लहानपणी मंद्रूपला कडब्याच्या गंजीनं पेट घेतला आणि तिच्याबरोबर यांचं घर गेलं. "सारं गाव धावलं हुतं, अक्का. लई लोक. परतेकाच्या हातात घागर. एकमेकांवर आपटून निम्म्या तितंच फुटल्या. आग पाण्यानं इझत न्हाय. रांगंनं इझती." हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की ते 'सारं गाव' म्हणाले की मी पुढचं म्हणून टाकायची.

आमच्या बोळात घरोघर माग, घरोघर सूत. साळ्यांच्या ओसऱ्यांवर रंगवलेल्या लडी वाळत असायच्या. एक ठिणगी पुरे होती. मास्तरांनी घरटी एक बादली मागून घेतली आणि सगळ्या लाल रंगवल्या. अस्तराच्या चिंध्यांतून दंडावर बांधायच्या पट्ट्या शिवल्या, आणि त्या मात्र वेळेवर शिवल्या. कुर्डुवाडीच्या एका म्हाताऱ्या गार्डाकडून शिट्टी आणली. विहिरीच्या रहाटांच्या दोरांना लोखंडी आकडे बसवले. बादली आकड्याला अडकवायची, विहिरीत सोडायची, भरून काढायची आणि तशीच रांगेत पुढं द्यायची. ओतण्यात वेळ नको.

रांगेत बाप्येच. रोज उठून पाणी आम्ही बायकांनी ओढायचं, आणि आग लागली की ते काम पुरुषांचं! पण ते राहू द्या.

बोळाच्या टोकाला नाला होता आणि नाल्यापलीकडं दोर वळणाऱ्यांची वस्ती, सगळी गवती छपरांची. आमच्या विहिरीचे दोर त्यांच्याच हातचे, पण विहिरीच्या कट्ट्याला हात लावायची त्यांना बंदी. त्यांच्या बायका कट्ट्याखाली घागर धरून उभ्या राहायच्या आणि आम्ही वरून पाणी ओतायचो. भांड्याला भांडं लागू नये एवढं उंचावरून. शिंतोडे उडायचे ते त्यांच्याच अंगावर.

मास्तर म्हणाले, आग लागली तर आधी त्या गवतालाच लागणार, आणि वारा ती उचलून आमच्या सुतावर आणून टाकणार. म्हणून रांग विहिरीपासून थेट वस्तीपर्यंत हवी. नाल्यापर्यंत बोळातली माणसं, पुढं वस्तीतली. रांग एकच.

बोळाचे पंच आप्पा. त्यांच्या शब्दाशिवाय आमच्याकडं कुत्रंही भुंकत नसे. त्यांनी विचार केला, सुताची भीती घातली होती ती लागू पडली, आणि म्हणाले, "करा. पर सराव रिकाम्या बादल्यांनी करा. पाणी बी वाचंल. कोरड्याला इटाळ न्हाय."

झालं! दर रविवारी सकाळी शिट्टी वाजायची. रिकाम्या लाल बादल्या हातोहात नाल्याकडं जायच्या आणि हातोहात परत यायच्या. नाल्यावरच्या सांध्यावर आमच्याकडून तालमीचे वस्ताद, पलीकडून तुका. वस्ताद म्हणजे सापाला शेपटीला धरून भिरकावणारा माणूस. तुका विशीतला, दोर वळून तळहात चामड्यासारखे झालेला. त्याच्या आईचे पाय गेले होते. रविवारी तो तिला उचलून दारात बसवायचा आणि त्याच्या हातात बादली आली की ती टाळ्या पिटत ओरडायची, "आली, आली!"

सराव संपला की मास्तर रांगेवरून चालत जायचे. डावीकडं कोण, उजवीकडं कोण? प्रत्येकानं नावं सांगायची. वस्ताद छाती काढून म्हणायचे, "डावीकडं शिवप्पा, उजवीकडं तुका!" आणि मास्तरांचा दुसरा मंत्र, "जागा सोडायची न्हाय. एकानं जागा सोडली की रांग तुटली."

मला मात्र चैन पडेना. विहिरीवर उभी राहणारी बाई मी, मला दिसत होतं ते या बाप्यांना दिसत नव्हतं. एक दिवस भाकरी थापता थापता मी त्यांना म्हटलं, "मास्तर, एकदा भरल्या बादलीनं करून बघा."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "भरली बादली आणली तर रांगच हुबी ऱ्हायची न्हाय, अक्का."

म्हणजे त्यांना कळत होतं!

"मग आग लागल्यावर काय करणार?"

"हाताला सवय लागली की डोकं इसरतं," ते म्हणाले. "मी आता सुईकडं बघतो व्हय? वरीसभर हात हातात गेला की त्या येळी कोण इच्यारतोय, कुणाचा हात त्ये."

खरं सांगते, त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला आणि त्याची फार कीव आली. मी भाकरी उलटली.

वर्ष झालं. आमच्या रांगेचं नाव झालं. शहरातले एक साहेब बघायला आले आणि 'शाबास' म्हणून गेले. मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा कोट घातला होता आणि तो कुणा गिऱ्हाइकाचा होता, हे सगळ्या बोळाला माहीत होतं.

मग वैशाखात, रविवारीच, भर दुपारी वस्तीच्या पलीकडच्या टोकाला आग लागली.

शिट्टी वाजली. काय रांग उभी राहिली म्हणून सांगू! एक माणूस चुकला नाही. बादल्या विहिरीत गेल्या, भरून आल्या, हातोहात निघाल्या. मी दारातून बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकले मास्तर.

भरली बादली नाल्यावर आली. वस्तादांनी ती तुकाच्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. तुकानं उचलली. एवढ्यानं काही बिघडलं नव्हतं, पाणी पुढं गेलं. मग आगीवरून रिकाम्या बादल्या परत आल्या. तुकानं पहिली पुढं केली आणि वस्तादांचे हात पाठीमागं गेले.

"घ्या की वस्ताद," तुका म्हणाला.

वस्ताद दुसरीकडं बघत उभे राहिले.

"वस्ताद, घ्या की!"

त्याच्यामागं रिकाम्या बादल्यांचा ढीग पडायला लागला. विहिरीवर आकडे रिकामे लोंबायला लागले. मास्तर शिट्टी फुंकत नाल्यापर्यंत धावले. ढीग बघितला, दोन्ही हातांत सापडल्या तेवढ्या बादल्या घेतल्या आणि परत विहिरीकडं पळाले. कट्ट्यावर आप्पा उभे होते.

"मास्तर, त्या इहिरीत सोडायच्या न्हायत."

"वरीसभर ह्याच बादल्या त्यांच्या हातात हुत्या, आप्पा!"

"तवा कोरड्या हुत्या."

मास्तरांनी रहाटाचा दोर धरून हिसडला. "आन् ह्यो दोर? ह्यो कुणी वळलाय?"

"त्यो बी कोरडाच घेतलाय," आप्पा शांतपणे म्हणाले.

घराघरांतून आणखी भांडी निघाली. माझे दोन हंडेही निघाले. सगळी भरून गेली आणि तिकडंच राहिली. हात कुणी आखडला नाही हो! पाणी द्यायला आमचा बोळ कधीच मागं नव्हता.

आग वस्तीच्या टोकाला होती तोवर तुका जागेवर उभा राहिला, हात पुढं करून, हातात रिकामी बादली. त्याला तसंच शिकवलं होतं. वारा फिरला आणि चार छपरं एकदम पेटली तेव्हा त्यानं बादली फेकली आणि पळाला. तोवर त्याच्या घराचं छप्पर खाली आलं होतं. म्हातारी दारापर्यंत सरपटत आलेली सापडली.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं म्हणतात. इथं सुंभ वळणारे जळाले आणि पीळ राहिला तो आमचा.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "आमी पाणी न्हाय म्हटलं का? एक तरी बादली अडवली का?" आणि मेलं ते खरंच होतं. साहेब पुन्हा आले. आग बोळात शिरली नाही म्हणून आप्पांच्या गळ्यात हार पडला. मास्तर दुकानाची फळी लावून आत बसून होते. मी ताट नेलं तर म्हणाले, "अक्का, त्या पोराला जागा सोडू नगं म्हणून मीच सांगितलं हुतं." ताट तसंच परत आणलं.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. पण तुम्हाला सांगते, आमच्या बोळातले सगळे आले. दंडाला पट्ट्या बांधून, तोंडं धुऊन, वेळेवर आले. लाज म्हणून कुणाला नव्हती. नाल्यापलीकडून कुणीही आलं नाही.

मास्तर विहिरीपासून चालायला लागले. प्रत्येकासमोर थांबून तेच विचारत होते आणि प्रत्येक जण नावं सांगत होता. शेवटी नाल्यावर आले. वस्ताद समोर बघत उभे होते.

"डावीकडं कोण?"

"शिवप्पा."

"उजवीकडं?"

"तुका," वस्ताद म्हणाले. नेहमीसारखं, खणखणीत. आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं.

त्यांच्या उजवीकडं नाल्याची धूळ होती आणि पलीकडं काळी जमीन. मास्तरांनी तिकडं बघितलं, मग वस्तादांच्या हातांकडं बघितलं.

"सवय लागली म्हणायची," ते म्हणाले.

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून वस्तादांपुढं धरली. वस्तादांचे हात वर आले नाहीत. तेव्हा मास्तर खाली वाकले, शिट्टी जमिनीवर ठेवली, आणि नाला ओलांडून वस्तीकडं चालत गेले. त्यानंतर आमच्या बोळात ते कुणाला दिसले नाहीत.