उष्टं पान

“अगो, तू काय खुर्ची मागतेस? बस खाली. तुम्हाला सवय आहे.”

रिसॉर्टचा मालक हे हसत म्हणाला. पाटांवर मांडी घालून बसलेले मुंबईचे पाहुणेही हसले. माझे गुडघे धरलेले. मी सत्तरीच्या पुढची, तो माझ्या मुलीच्या वयाचा. तरी मी ‘तू’.

मी त्याला ओळखलं होतं. त्यानेही मला. हा खोतांचा नातू. आरे-वारेच्या वरच्या कातळावरचं त्यांचं जुनं घर, त्याचंच आता रिसॉर्ट केलंय. त्यांची जमीन माझ्या आईबापांनी जन्मभर कसली.

मुलगी नर्स आहे. तिला बढती मिळाली म्हणून मला मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. कुठल्या, ते गाडीतून उतरेपर्यंत कळलं नाही. दारात पाटी होती. चौथी शिकले, तेवढं वाचता येतं. ‘जुन्या दिवसांची पंगत.’

“आये, बस गो. आजच्या दिवस,” मुलगी कानात म्हणाली.

तिला काही माहीत नव्हतं. बसले.

सारवलेलं अंगण. तेच अंगण. उत्सवाला खोतांची माणसं ओटीवर जेवायची. आम्ही सगळ्यांच्या शेवटी, खाली, गोठ्याजवळ. वाढणारा भात वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. जेवण झालं की याची आजी ओटीवरून ओरडायची, “पान उचल गो. शेण फिरव. विटाळ ठेवून जाऊ नको.”

मी लहान पोर. माझं पान उचलायचे, आईचंही. मग बसल्या जागेवर शेण फिरवायचे. खोतांचा कुत्रा त्या अंगणात कुठेही लोळायचा. त्याच्या मागे कोणी शेण फिरवत नव्हतं.

आता तिथेच माणसं हौसेने फोटो काढत होती.

वालाचं बिरडं आलं, फणसाची भाजी, मोदक. चव चांगली होती. खोटं कशाला सांगू? जेवले. आणि माझा हात आपोआप पानाकडे गेला. पानाची घडी घातली, उचललं, जमिनीला हात टेकून उठू लागले.

मालक पाहुण्यांना म्हणाला, “बघा! याला म्हणतात जुनं वळण. अजून विसरली नाही.”

कोणीतरी फोटो काढला.

माझा हात थांबला. म्हातारी केव्हाच मेली, आणि तिचा हुकूम माझ्या हातात जिवंत. मालकापेक्षा मला त्या हाताचा राग आला.

पान परत खाली ठेवलं. घडी उलगडली. उष्टं सगळ्यांना दिसेल असं पसरलं.

“आये, काय करतेस?”

मी मालकाला म्हटलं, “तुझ्या आजीने माझ्याकडून पान उचलून घेतलं, वर शेण फिरवून घेतलं. हे तू उचल.”

त्याचं हसणं बंद. “अहो आजी, तसं काही...”

आता मी ‘अहो’ झाले.

मुलीच्या खांद्याला धरून उठले. मागे वळून बघितलं नाही.

गाडीत मुलगी म्हणाली, “सगळ्यांसमोर लाज काढलीस.”

“काढली. त्याची.”

ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. न बोलू दे. मी माफी मागणार नाही. आता कुठेही जेवायला गेले तर आधी खुर्ची मागेन, आणि पान तिथेच टाकून उठेन. हा हात शेणात जाईल तो फक्त माझ्या अंगणासाठी.