फ्लॅशवरचा तळहात

भाऊ कुठल्याही खोलीत शिरले की आधी उजवा हात वर करायचे आणि तळहात डोळ्यांसमोर धरायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे आशीर्वाद देताहेत. एका बारशात तर एक आजीबाई खरंच वाकून त्यांच्या पाया पडल्या होत्या. भाऊ बघत असत उजेड. तळहातावर तो कुठून पडतो, बोटांची सावली किती काळी होते, एवढं बघून झालं की म्हणायचे, "उजेड हाये ना बाप्पा. मंग फ्लॅश कायले?"

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर तुम्हीही पाहिला असेल. दहा खिशांचं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे, आणि फीत कापणाऱ्या पाहुण्यांना "सर, इकडे" म्हणून ओरडणारा. भाऊंचं यांतलं काहीच नव्हतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पांढरा रुमाल, आणि ओरडायचं तर सोडाच, त्यांचा आवाज समोरच्या टेबलापर्यंतही धड पोचत नसे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आमच्या पेपरचं भंडाऱ्याचं ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पूर्वी पार देवरीपर्यंत धावणाऱ्या भाऊंना कुणी जिल्हा तुटल्याचं दुःख सांगू लागलं, तर ते म्हणत, "अर्धा जिल्हा गेला, तं माही अर्धी पाठ वाचली."

मी तिथं बातम्या लिहायला लागले होते. पण ऑफिसात फोटोग्राफर एकच, आणि बातम्या रोज दोन दिशांना घडायच्या. म्हणून मला एक जुना कॅमेरा आणि वर बसवायचा फ्लॅश मिळाला, आणि शिकवायला भाऊ मिळाले.

त्यांनी मला पहिले आठ दिवस वांग्याचा फोटो काढायला लावला. वांगं टेबलावर ठेवायचं आणि फ्लॅश मारायचा. सरळ मारला की काळ्या सालीवर पांढराफट डाग पडायचा. मग फ्लॅश भिंतीकडे वळवून, छताकडे वळवून, त्यावर रुमाल टाकून. डाग गेला नाही तोवर वांगं सुटायचं नाही. सुटलेली वांगी त्यांच्या घरी जायची. शेवटी वहिनींनी निरोप पाठवला, की पोरीले आता भेंडी काढायला शिकवा.

लग्नाच्या स्टुडिओत त्यांची पंधरा वर्षं गेली होती, त्यामुळे फ्लॅश त्यांना कुणाहूनही जास्त कळायचा. म्हणूनच ते तो वापरत नसत. "लग्नात मानूस फोटोसाठी बसते. बातमीत मानूस आपल्या दुखात असते. तिथं तोंडावर उजेड मारायचा म्हंजे थापड मारनं हाये." आणि फ्लॅशबद्दल त्यांचा एकच नियम होता: "बंद नोको करू. उतरव." मागचं बटन घसरतं, बॅगेत घासतं, आपल्याला पत्ता लागत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून खिशात टाकायचा, तरच तो बंद झाला असं मानायचं. मला हा नियम म्हाताऱ्या माणसाची कटकट वाटायचा. माझ्या फ्लॅशची खिट्टी घट्ट होती, उतरवताना नखं तुटायची.

त्याच सुमारास मी नागपूरला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि ऑडिओ स्लाइडशो शिकून आले. फोटो एकामागून एक सरकतात, आणि खाली त्या माणसाचा स्वतःचा आवाज, त्याच्या घरातली भांडी, बकऱ्या, पावलं. मी पार भारावून गेले होते. छोटा रेकॉर्डर घेतला आणि दिसेल त्याच्यासमोर धरू लागले. भाऊंसमोर धरला तर म्हणाले, "फोटो मुका असते, म्हनून तं मानूस जवळ येऊन पाह्यते. त्याले रेडिओ कायले जोडून राहिली?"

मी चिडले. तुमचं युग संपलं, असंही काहीसं बोलून गेले. भाऊंनी रुमालानं लेन्स पुसली. "कर ना, बाई. मी कुठी नाही म्हनलं. पन माह्या कानाले नोको लावू."

आणि मग ती सकाळ आली. करडीच्या पुढच्या एका गावातून फोन आला, की गोठ्यात बिबट शिरला आहे आणि घरातली बाई वर माळ्यावर अडकली आहे. भाऊंच्या मोटरसायकलवर मागे बसतानाच मी खिशातला रेकॉर्डर सुरू केला.

गावात पोचलो तर शे-दीडशे माणसं उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. ती शांतता मला आजही आठवते. बाई सकाळी बाहेर बांधलेल्या बैलांसाठी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, काढायला शिडीनं माळ्यावर चढली होती, वर्षाची नात कडेवर होती. वर गेल्यावर तिनं खाली पाहिलं, तर गव्हाणीच्या आड बिबट बसलेला. तिनं ओरडून मुलाला सांगितलं, मुलानं बाहेरून दार लावलं, आणि तेव्हापासून दोन तास झाले होते. मुलगा दाराशी उभा होता. त्यानं स्वतःच्या हाताची मूठ दातांत धरली होती.

खिडकीशी जनावरांचे डॉक्टर बेशुद्धीची बंदूक घेऊन बसले होते. बिबट गव्हाणीबाहेर आला तरच नेम धरता येणार होता. वनखात्याचे साहेब आमच्याजवळ आले आणि कुजबुजले, "आवाज नाही, उजेड नाही. बिचकला तर वर उडी घेईल. माळा उंच नाही." मग कॅमेऱ्यांकडे बघून म्हणाले, "फ्लॅश काढून ठेवा."

भाऊंनी कधीच काढला होता. मी खिट्टी ओढून पाहिली, ती हलेना. मागे दुसऱ्या पेपरचे दोघं उभे होते. मी बटन बंद केलं आणि पुढे झाले.

भिंत आणि छपराच्या कवेलूंच्या मध्ये एक वीतभर फट होती. तिथं एका वेळी दोनच माणसं मावत. भाऊ डावीकडे, मी उजवीकडे. आत डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं. एका फुटक्या कवेलूतून उन्हाची पट्टी आली होती. ती आधी बाईच्या पायांवर पडली होती आणि तिथून खाली बिबट्याच्या पाठीवर. तो हळूहळू बाहेर येत होता. बाई तणसात पाठ टेकून बसली होती आणि नातीला तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. असा फोटो आयुष्यात एकदा समोर येतो. भाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावलेला मी पाहिला. मीही माझा कॅमेरा फटीतून आत सारला, मातीच्या भिंतीला घासत, आणि बोट दाबलं.

त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्यावर भाऊंचा हात येऊन आदळला. बोटं लेन्सवर आली आणि फ्लॅश त्यांच्या तळहातात फुटला. आत अंधारात किंचित लाल काहीतरी हललं, एवढंच.

बिबट्यानं मान वर केली. नात कुरकुरली. बाईनं पदर तिच्या तोंडावर धरला. माझ्या फ्लॅशवर अजून भाऊंचा हात होता आणि त्यांचा स्वतःचा कॅमेरा पट्ट्यानं गळ्यात लोंबत होता. मग बंदुकीचा बारका आवाज झाला. बिबट उसळला, त्याचे पंजे माळ्याच्या कडेला लागले, लाकूड खरवडलं गेलं, आणि तो खाली पडला. पुन्हा उठला, भिंतीला धडकला. दहा मिनिटं तो झुलत फिरत राहिला, मग आडवा झाला. ती दहा मिनिटं मला कुणी परत देऊ नयेत.

बाईला शिडीवरून उतरवलं. मुलानं पोर घेतली. तिनं आधी पाणी मागितलं, मग बैलांचं विचारलं.

परतताना भाऊ एकदाच बोलले. "उतरव म्हनलं होतं." त्यांच्या तळहातावर रुपयाएवढा लाल चट्टा होता.

संध्याकाळी नागपूरहून संपादकांचा फोन आला. फोटो कुठे आहे? भाऊ म्हणाले, "नाही भेटला, साहेब." तिकडून आवाज चढला, तो मला टेबलापलीकडून ऐकू येत होता. तुम्ही तिथं होता ना? "होतो ना. नाही भेटला." एवढं बोलून ते ऐकत राहिले, बराच वेळ. मी तिथंच बसून बातमी टाइप करत होते. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. मी त्या दिवशी भित्री ठरले, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. गर्दीची पावलं, साहेबांची कुजबुज, कॅमेरा भिंतीला घासल्याचा आवाज. आणि त्यानंतर एक बारीक, वर चढत जाणारी शिट्टी. फ्लॅश भरताना येते ती. बटन भिंतीला घासून सुरू झालं होतं. दीडशे माणसांच्या त्या शांततेत ती शिट्टी फक्त भाऊंनी ऐकली होती. कानाला आवाज लावू नको म्हणणाऱ्या माणसानं.

मी अकरा फोटोंचा स्लाइडशो केला. बंद दार, दातांतली मूठ, शिडी, आणि खाली त्या बाईचं बोलणं. शिट्टी ऐकू येते तिथं आठ सेकंद पडदा काळा ठेवला. भाऊंनी हेडफोन स्वतः मागून घेतला आणि दोनदा पाहिलं.

"इथं काळं काहून ठेवलं?"

"फोटो नव्हता, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होता. तुह्या कॅमेऱ्यात एक असनच. वाटन तवा लाव." मग हेडफोन काढता काढता म्हणाले, "आवाज चांगला घेतला, बाई."

त्यानंतर आम्ही कित्येक वर्षं बरोबर काम केलं. रेकॉर्डर आता तेच धरायचे, कारध्याच्या पुलाखालचं पाणी, सिहोऱ्याच्या बाजारातली भांडणं. मी तो फोटो लावला नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू. भाऊ गेले ते दुपारच्या झोपेत, कुणाला काही न सांगता.

छापायला त्यांचा फोटो शोधला तर कुणाकडेच धड नव्हता. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे राहिलेला माणूस. शेवटी आधार कार्डावरचा छापला, त्यात ते कुठलातरी गुन्हा कबूल करत असल्यासारखे दिसतात. वहिनीही तो बघून रडता रडता हसल्या.

शोकसभेत मी स्लाइडशो लावला. दार, मूठ, शिडी. मग ती शिट्टी आली आणि काळ्याच्या जागी पडदाभर लाल उजेड झाला. बोटांच्या कडा पेटलेल्या, मध्ये हाडांच्या सावल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "हा भाऊंचा हात आहे. फ्लॅश माझा होता. मी उतरवला नव्हता. त्यांचा फोटो माझ्यामुळे गेला, आणि मी इतकी वर्षं गप्प राहिले."

मागून माळ्यावरची ती बाई उठली; भाऊ गेल्याचं कळून ती करडीकडून आली होती. नात आता शाळेत जाणारी झाली होती, तिचा हात धरून ती पुढं आली.

"हा उजेड मले दिसला होता," ती म्हणाली. "मले वाटलं, कोनीतरी वरतून कवेलू काढून रायलं. आता वाचतो. म्हनून मी पोरीले रडू नाही देल्लं."

तिनं तो फोटो मागून घेतला. मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेले होते. आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली लाल तळहात लावलेला आहे, आणि त्याला हार आहे. खोली जरा अंधारी होती. मी फ्लॅश उतरवून खिशात टाकला आणि माझा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला. दारातून पुरेसा उजेड येत होता.