न्यूट्रल नसलेली खोली

बोर्ड उघडून बघितल्याशिवाय "होईल" म्हणायचं नाही, हे टेस्टरमामानं आजवर कितीतरी नवशिक्या वायरमनांना कान धरून शिकवलं होतं. आणि त्या दिवशी बहिणीच्या घरी, भाच्यासमोर नि सूनबाईसमोर, खुर्चीत ऐसपैस बसून त्यानं लांबूनच बोर्डाकडे बोट दाखवलं.

"होईल की! अर्ध्या दिवसाचं काम. या घराचं वायरिंग कुणी केलंय? मीच ना?"

घोडं अडलं ते इथंच. वायरिंग त्यानंच केलं होतं.

शर्टाच्या खिशात टेस्टर नसलेला मामा कुणी पाहिलेला नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो खिशातून डोकावतो. म्हणून सगळे त्याला टेस्टरमामा म्हणत. फक्त ताई, त्याची मोठी बहीण, अजून "बारक्या" म्हणायची. बारक्याचं पोट पट्ट्यावरून खाली ओघळलं होतं, पण तिला ते दिसत नसे.

भाचा घरावर नवा मजला चढवत होता आणि तिथले दिवे कसे चालवायचे, यावर टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग पडला होता. पण खरा प्रश्न खालच्या खोलीचा होता. वर्षभरापासून ताईच्या हातांतलं बळ उतरत चाललं होतं. आधी बोटं गेली, मग मनगट. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, औषधाचं मात्र एकही सांगितलं नाही. पलंग खिडकीशी, स्विच दाराशी. ताईचं मागणं एवढंच होतं.

"माझा दिवा मला लावता आला पाहिजे रे. जेवायला भरवतात, न्हाऊ घालतात, ते सोसते मी. पण उजेडासाठीसुद्धा हाका मारायच्या म्हणजे..."

मामानं पत्रकं बाजूला सारली नि बोटांवर हिशेब मांडला. "हे बघ, प्रकार दोन. एक तारेचा. प्रत्येक दिव्याची तार थेट एका पेटीत आणायची. भिंतीवरचं बटण नुसतं पेटीला निरोप देतं, पेटी दिवा लावते. दगडासारखं पक्कं काम, पण प्लास्टरच्या आधी करावं लागतं. दुसरा बिनतारी. जुन्या स्विचच्या मागे काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं. भिंतीला हात लावायला नको."

"म्हणजे वर तारेचा, खाली बिनतारी," भाचा म्हणाला.

"शिकलास हो! उगाच नाही माझा भाचा."

आणि मग ते "होईल" आलं. त्या एका शब्दावर भाच्यानं सहा यंत्रं मागवली, पाकिटं फोडली. मामानं ताईच्या खोलीतला बोर्ड उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. आत दोनच तारा. एक वीज आणणारी, एक दिव्याकडे नेणारी. वीज ज्या तारेनं परतते ती न्यूट्रल खोक्यात नव्हतीच, आणि तिच्याशिवाय ते यंत्र जागंच राहत नाही. बावीस वर्षांपूर्वी मामानं न्यूट्रल छतातूनच दिव्यादिव्याला फिरवली होती, स्विचपर्यंत खाली उतरवली नव्हती. तार वाचते म्हणून तेव्हा सगळेच तसं करायचे. हे तर बहिणीचं घर, इथं त्यानं जास्तच जीव लावून वाचवली होती.

"मामा, काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तर घाम का आलाय?"

दाजी दारात उभे होते. "तेव्हा तारेचं उरलेलं वेटोळं परत आणून दिलं होतं यानं. मी म्हटलं होतं, मेहुणा असावा तर असा!" ते अगदी कौतुकानं म्हणाले. मामाला त्यापेक्षा कानफटात बसलेली परवडली असती.

पाइपातून न्यूट्रल ओढायची म्हणून त्यानं पोलादी पट्टी आत सारली. हातभर गेली नि रुतली. कोपऱ्यावरचं काटकोनी वळण बावीस वर्षांपूर्वी घाईत त्यानंच बसवलेलं. भिंत फोडावी तर धूळ, आणि ताईच्या छातीला धूळ चालणार नाही, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलेलं. तिला दुसऱ्या खोलीत हलवावं तर तिथंच जोडलेला तो खास पलंग कुठल्याच दारातून जाईना.

मग फोनवरून चालणारा बल्ब आणला, सांगितलं की ऐकणारा. तो छान ऐकायचा, पण भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंतच. आणि दाजींचा हात! खोलीतून बाहेर पडताना स्विच बंद करणं हा त्या हाताचा चाळीस वर्षांचा धर्म. पहिल्याच दिवशी बल्ब चार वेळा बहिरा झाला. सूनबाईनं स्विचवर चिठ्ठी चिकटवली, "बंद करू नये". दाजींनी चिठ्ठीला धक्का न लावता, तिच्या कडेनं बोट घालून स्विच बंद केला.

"अहो, वाचली नाहीत का?" ताईनं पलंगावरून विचारलं.

"वाचली ना. पण हात आधी पोचतो, डोळे मागून येतात."

ताईलाही तो बल्ब नको झाला, "म्हणजे हाका मारायच्याच, फक्त बल्बाला!" शेवटी मामाला वाट सापडली. छताला, दिव्याच्या बुडाशी तर न्यूट्रल आहेच! यंत्र तिथं बसवायचं, स्विचच्या दोन तारा आतल्या आत जोडून टाकायच्या, म्हणजे तो स्विच नुसता शोभेचा, आणि ताईच्या हाताखाली एक मोठं बिनतारी बटण द्यायचं. दाबायला जमेल का, हे पाहायला त्यानं तिच्या तळव्याखाली दारावरच्या बेलचं जुनं बटण ठेवलं. कट्‌कन वाजलं. ताई हसली. "अजून आहे हो जीव!"

बटण यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात वरचा मजला तयार झाला. तिथं एका बोटानं सगळे दिवे हळूहळू उजळायचे, हळूहळू मावळायचे. येणारे-जाणारे मामाची पाठ थोपटायचे. तो मान हलवायचा आणि जिना उतरून खाली यायचा. ताईला तो जिना चढता येणार नव्हता.

बटण आलं. मामानं शिडीवर चढून यंत्र बसवलं, पडदे ओढले, बटण दाबलं. दिवा लागला. बंद केलं. मग ते ताईच्या तळव्याखाली ठेवलं.

"दाब."

ताईनं डोळे मिटून जोर केला. हात बटणावरून घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. मामानं बटण खोलून आतली स्प्रिंग कापली, अर्धी केली. नाही. आणखी कापली. नाही. कोपर लावून पाहिलं. पाच आठवड्यांत कोपरही गेलं होतं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

"बारक्या, राहू दे जरा," ती म्हणाली, आणि दमून तिचा हात असाच पडला तो नेमका बटणावर. दिवा लागला.

सगळे ओरडलेच. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ते बाहेर निघाले, जाताना हात स्विचवर गेला. खट्‌. दिवा तसाच. खट्‌ खट्‌. दिवा तसाच. "हे काय चाललंय या घरात?" ते पुटपुटले, आणि ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

तिला तो बंद करता मात्र आला नाही. बराच वेळ प्रयत्न करून ती म्हणाली, "असू दे. पण डोळ्यांवर येतो रे. मंद नाही का होत?"

"होतो ना. बटण दाबून धरायचं, पाच मोजेपर्यंत," मामा सवयीनं बोलून गेला. मग त्यानं जीभ चावली.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "मग शिकव की."

"उद्या शिकवतो."

दुसऱ्या दिवशी तो आणखी मऊ स्प्रिंग घेऊन आला. पुढच्या आठवड्यात फुंकरीनं चालणाऱ्या बटणाची चौकशी केली. ते इकडं मिळत नव्हतं. रोज येतो, पलंगाशी बसतो, बटण खोलतो, पुसतो, जोडतो. ताईचा हात पुन्हा तसा नेमका बटणावर पडत नाही. ती हाक मारते, सूनबाई येऊन दिवा लावते, लागलीच मंदही करते. ताईनं पुन्हा विचारलं नाही. पाच मोजायचं ते शिकवणं मामाकडून अजून व्हायचंच आहे.