चारशे चोवीस नंबरची जागा

कल्पना करा, तुमच्यासमोर दोन कॉम्प्युटर आहेत. उजवीकडचा इंटरनेटला जोडलेला, डावीकडच्याला मात्र बाहेरच्या जगाचा वाराही लागलेला नाही. डावीकडच्यावर तुमच्या संस्थेची चौसष्ट अक्षरी गुप्त किल्ली आहे. तुम्ही जावास्क्रिप्टमधला एक छोटा प्रोग्राम चालवता. त्यातली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, त्या किल्लीने एकेका व्यवहारावर सही करते. सही झालेले व्यवहार पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही उजवीकडे सरकता आणि पाठवून देता. ते जातात ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो ठिकाणी एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या वहीत. तिच्यातलं पान फाडता येत नाही आणि अक्षर खोडता येत नाही. आता अशीही कल्पना करा, की तुमचं वय सत्तावन्न आहे आणि त्यातली तीस वर्षं तुम्ही रबरी शिक्के मारले आहेत.

तंत्रशाळेतल्या अशाच एका बाईंना सगळे शिक्केबाई म्हणायचे. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, कोणीही पास होवो, त्याच्या प्रमाणपत्रावर शेवटचा हात बाईंचाच. खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला आणि प्राचार्यांनी ठरवलं, की आता प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद ब्लॉकचेनवर करायची. सगळ्यांना वाटलं, बाई आता घरी बसणार. बाईंनी दुसऱ्या शहरात प्रोग्रामर असलेल्या भाच्याला गाठलं. सहा रविवार फोनवर शिकवणी चालली. पहिल्याच रविवारी त्याने सांगितलं, "मावशी, अवेट असं लिहिलं की प्रोग्राम उत्तर येईपर्यंत थांबतो." बाई म्हणाल्या, "थांबणं मला शिकवू नकोस. प्राचार्यांच्या सहीसाठी तीस वर्षं थांबले आहे मी."

शिक्के गेले, पण सवयी राहिल्या. जुन्या काळी बाई सगळा गठ्ठा शिक्के मारून टेबलावर पसरायच्या आणि शाई वाळेपर्यंत एकेक कागद पुन्हा वाचायच्या. शंका आली की तो कागद प्याद्याखाली. हे बुद्धिबळातलं प्यादं पितळी होतं, लेथ शिकणाऱ्या एका जुन्या तुकडीने कातून दिलेलं. आता वाळायला शाई नव्हती, तरी सह्या झाल्यावर आणि पाठवण्याआधी ते शेवटचं वाचन बाईंनी सोडलं नव्हतं. दुसरा नियम वडिलांचा. ते शिक्के कोरायचे आणि सांगायचे, प्रत्यक्ष देव समोर आला तरी कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

त्या दिवशी चाळीस प्रमाणपत्रं होती. व्यवहारांचे क्रमांक चारशे तेरा ते चारशे बावन्न. चाळीसही सह्या झाल्या. शेवटच्या वाचनात बाराव्या प्रमाणपत्राचा अर्ज खटकला. प्रात्यक्षिकाचे तास एका जागी एकशे वीस, दुसऱ्या जागी दोनशे दहा. वर्कशॉपमध्ये शिकवणारे निदेशक रजेवर, उद्या येणार. बाईंनी अर्ज प्याद्याखाली ठेवला, त्याची सही झालेली फाइल बाजूला काढली आणि उरलेले एकोणचाळीस व्यवहार पाठवून दिले.

अडीच वाजता एक वेल्डर आत आली. तिशीतली, याच तुकडीतली, सगळ्या वर्गाला दोन मुलांच्या गोष्टी सांगून हसवणारी. आता हसत नव्हती. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात तिची निवड झाली होती, पण नोंद तपासल्याशिवाय ते नाव पक्कं करत नव्हते, आणि यादी चार वाजता बंद होणार होती. तिच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोडचा चौकोन फोनने टिपला, की उत्तर यायचं, 'नोंद सापडली नाही'.

बाईंनी स्क्रीन पाहिली. पहिले अकरा व्यवहार वहीत चढले होते. पुढचे अठ्ठावीस जागच्या जागी उभे. वेल्डरचा त्यातच. बाईंनी नेटची वायर हलवली, पेनड्राइव्ह पुन्हा लावला, प्रोग्राम तीनदा वाचला. सगळं ठीक, तरी घोडं अडलेलंच. शेवटी भाच्याला फोन.

भाच्याने पहिल्यांदा विचारलं, मध्ये एखादा व्यवहार गाळला का? बाईंनी प्याद्याकडे पाहिलं. मग त्याने समजावलं, की एका खात्याचे व्यवहार क्रमानेच घेतले जातात. दवाखान्यात चोवीस नंबरचा पेशंट आत गेल्याशिवाय पंचविसाव्याला हाक मारत नाहीत, तसं. चारशे चोवीस आला नाही, म्हणून मागचे सगळे बाकावर बसलेत.

"म्हणजे शंका असलेला अर्ज पाठवू?"

"नाही गं. त्याच नंबरचा एक रिकामा व्यवहार कर. आपल्याच खात्यातून आपल्याच खात्याला, आत काही नाही. सही कर आणि पाठव. अर्ज उद्या नव्या नंबरने जाईल."

"कोऱ्या कागदावर सही?"

"मावशी, सगळे असंच करतात."

"तुझं बरं आहे, तिकडून उंटावरून शेळ्या हाकायला. सही माझ्या हातची जाणार आहे, आणि तीही न खोडता येणाऱ्या वहीत."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. वेल्डर बाकावर बसून सगळं ऐकत होती. तिला क्रमांक-बिमांक फारसं कळलं नाही, पण बाईंचा चेहरा कळला. ती म्हणाली, "बाई, माझ्यासाठी तुमचा नियम मोडू नका. जहाजं काय, येत राहतात."

तिने हट्ट धरला असता, तर बाईंना नाही म्हणणं सोपं गेलं असतं. आता पंचाईत झाली. बाईंनी प्यादं उचललं, पुन्हा ठेवलं. मग फोनवर अगदी हळू विचारलं, "त्या रिकाम्या व्यवहारात शब्द घालता येतात का रे?"

"येतात. कोणी घालत नाही."

"मी घालणार."

भाच्याने कोडची एक ओळ सांगितली, बाईंनी डावीकडच्या कॉम्प्युटरवर टाइप केली. अवतरणचिन्हांत लिहिलं, 'बारावा अर्ज तपासायचा आहे म्हणून थांबवला आहे. ही जागा कोरी नाही.' लायब्ररीने त्या वाक्याचं लांबच लांब आकड्या-अक्षरांचं शेपूट करून दिलं. भाचा म्हणाला, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. बाई म्हणाल्या, खाऊ दे, भूक लागली असेल. नंबर टाकला चारशे चोवीस, सही झाली, पेनड्राइव्ह उजवीकडे आला.

पावणेचार झाले होते. चारशे चोवीस वहीत चढला आणि त्याच्या मागे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, दार उघडल्यासारखे, सरसर आत गेले. वेल्डरने फोनने चौकोन टिपला. नोंद सापडली. तिने तिथूनच कारखान्याला फोन लावला, नाव दोनदा स्पष्ट सांगितलं, "हो, हो, उघडा आणि बघा," म्हणाली आणि ऐकत राहिली. मग बाईंकडे बघून नुसती होकाराची मान डोलावली. जाता जाता तिने प्याद्याला नमस्कार केला, तेव्हा बाईंना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी निदेशक आले. तास दोनशे दहाच होते. तो पोरगा सुट्टीतही येऊन काम करायचा. त्याचं प्रमाणपत्र चारशे त्रेपन्न नंबरने गेलं. भाच्याने प्रोग्राम बदलला, आता शेवटचं वाचन सहीच्या आधी होतं. बाईंनी कुरकुर करत ते मान्य केलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जात नाही. पुढच्या रविवारी त्यांनी भाच्याला विचारलं, आणि अधूनमधून अजूनही विचारतात, "अरे, ती वही कायमची ना? मग कधीतरी कोणीतरी चारशे चोवीस उघडून वाचेलच. त्याने विचारलं, की त्या बाराव्या अर्जाचं पुढे काय झालं, तर त्याला कोण सांगणार?"