वहिनी इथं राहत नाही

माझ्या चुलतभावाची बायको जॉर्जियाची आहे. एवढं सांगितलं की लोकांना अमेरिका आठवते. मग मी हळूच सांगते की तो नव्हे, दुसरा, काळ्या समुद्राजवळचा. आणि समोरच्याचा चेहरा जरासा पडतो. दादा तिकडं एमबीबीएस करायला गेला आणि डिग्रीबरोबर वहिनीला घेऊन औशाला परत आला. आता तो नांदेडच्या एका दवाखान्यात इंटर्नशिप करतो आणि रविवारी तेवढा घरी येतो. बाकीचे दिवस घरात वहिनी आणि काकू, दोघीच.

वहिनीचं इंग्रजी बेताचं आहे. मराठी ती काकूकडून शिकली, त्यामुळे 'लई' म्हणते, 'बगा' म्हणते, आणि चिडली की काकूसारखीच कमरेवर हात ठेवते. माझी मराठी लातूरच्या इंग्रजी शाळेतून आलेली, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी. औशाचा भाजीवाला वहिनीशी भावावरून हुज्जत घालतो आणि माझ्याशी हिंदीत बोलतो.

तरी तिचे सरकारी कागद माझ्याकडेच आले, कारण घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी. त्या कागदांपायी मी लातूरहून येऊन काकूकडंच राहिले. त्या शाळेतली बहुतेक वर्षं मी शेवटच्या बाकावर गप्प बसून काढली, हे काकूला कुणी सांगितलेलं नाही.

परदेशी बाईला इथं राहायचं तर परवाना दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी नवऱ्यानं लिहून द्यायचं असतं की बायकोचा सगळा खर्च मी उचलीन. मी तो मजकूर मराठी करून मोठ्यानं वाचत होते. काकू शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आन् नवऱ्याचा खर्च कोन उचलायलंय, ते बी लिव्ह खाली."

त्यासाठी रकाना नव्हता.

मग तिनं विचारलं की बाहेरचे देश म्हणे परदेशी लोकांना घर देतात, महिन्याला पैसे देतात, फोनवर आलंय. तर आपलं सरकार सुनेमागं काय देतं? मी म्हणाले, काही नाही. उलट ह्या परवान्यावर वहिनीला नोकरी करता येत नाही. हे काकूला फार लागलं. कारण गावातल्या एका इंग्रजी शाळेचे संस्थाचालक नुकतेच येऊन गेले होते. त्यांना वहिनी बाई म्हणून हवी होती. तिला इंग्रजी फारसं येत नाही, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, शिकवायचं कोण म्हणतंय, बॅनरवर फोटो लागला तरी बास. त्यांना परवान्याचा नियम समजावता समजावता दोनदा चहा झाला, आणि जाताना ते मलाच विचारून गेले की तुम्ही तरी येता का. फोटोचं काही म्हणाले नाहीत.

अर्ज गेला की पोलीस घरी येऊन बघतात, बाई खरंच त्या पत्त्यावर राहते का. हे मी काकूला सांगून ठेवलं होतं. गल्लीला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हवालदार आले त्या दिवशी मी आणि वहिनी लातूरला होतो, त्याच अर्जासाठी नवा फोटो काढायला. आधीच्या फोटोत मागं काकूची साडी वाळत होती. काकू सोयाबीन घेऊन आडतीवर गेली होती. घराला कुलूप. संध्याकाळी आम्ही बसमधून उतरून घरी आलो, तर ओसरीवर गल्लीतली पाचसहा माणसं चहा पीत बसलेली, आणि काकू कौतुकानं त्यांचं ऐकत होती.

पोलीस आला होता, गोऱ्या बाईची चौकशी करत होता, आणि गल्लीनं त्याला दाद लागू दिली नव्हती. पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं होतं की असली बाई आपण टीव्हीवर पाहिली, गल्लीत नाही. शिंप्याच्या बायकोनं तर हवालदार वळणावर दिसताच दोरीवरचा वहिनीचा स्कर्ट ओढून आपल्या घरात नेऊन ठेवला होता. आता तो घडी करून तिनं वहिनीच्या हातात दिला. काकूनं पुन्हा आधण ठेवलं.

वहिनीनं मला विचारलं, झालंय काय? मी इंग्रजीत सांगितलं की ह्या लोकांनी तुला वाचवलं.

"कशापासून?"

"इथं राहण्यापासून," मी म्हणाले.

ती हसली नाही. परवान्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती. 'बाई पत्त्यावर राहत नाही' असा अहवाल गेला तर अर्ज बाद होणार, आणि अर्ज बाद झाला तर तिला देश सोडावा लागणार होता. पुन्हा कधी येता येईल, ते कुणी सांगू शकत नव्हतं. मी हे सगळं ओसरीवर सांगितलं. एवढ्या लोकांसमोर मी सलग इतकं पहिल्यांदाच बोलत होते, म्हणून असेल, ते नीट कळायला थोडा वेळ गेला. मग गिरणीवाल्यानं कप खाली ठेवला.

"आधी सांगायचं की, ताई," तो म्हणाला. "पोलीस इचारायला आला की आमी न्हाईच म्हनतो. मग तो काय बी इचारू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. काय बोलायचं ते मी रस्त्यानं पाठ केलं होतं. टेबलापाशी पोचल्यावर त्यातलं 'नमस्कार' तेवढं आठवलं. पुढचं वहिनीच बोलली.

"मी हाय की, साहेब."

हवालदारांनी तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. "तुम्ही हाव ते दिसायलंय," ते म्हणाले. "तिथं हाव का, ते बघायचंय."

माणूस चांगला होता. अहवाल अजून वर गेला नव्हता. सोमवारी परत येतो म्हणाले, पण ह्या वेळी लोकांनी खरं सांगावं, एवढीच अट घातली.

काकूनं ती अट मनावर घेतली. दोन दिवस ती दारोदार फिरून लोकांना खरं काय ते शिकवत होती. समोरचं एक घर तेवढं सोडलं. तिथल्या मावशींशी आमच्या घराचं बोलणं बंद होतं.

सोमवारी हवालदार आले तेव्हा गल्ली आंघोळ करून तयार होती. विचारायच्या आधीच लोक सांगायला लागले. शिंप्याची बायको म्हणाली, ही बाई घराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही, चोवीस तास इथंच. दुसरं कुणी म्हणालं, आमची पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. गिरणीवाल्याला सगळ्यांपेक्षा जास्त भरपाई करायची होती.

"ल्हानपनापासून बगतो, साहेब," तो म्हणाला. "आमच्या डोळ्यांसमोर मोठी झाली."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, ह्यांना पढवून ठेवलंय का?"

मला खोटं बोलायची भीती वाटते. मी हो म्हणाले.

काकूनं माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीला टेकले. हवालदारांनी फाइल मिटली. ते वैतागले नव्हते, थकले होते. ह्या गल्लीत सरळ बोलणारं कुणी आहे का, असं त्यांनी कुणाला उद्देशून न म्हणता म्हटलं. आणि समोरच्या दारातून आवाज आला.

"हिकडं या, साहेब. मी सांगते."

काकू पायरीवर बसली.

मावशींनी सांगायला सुरुवात केली. ही बाई गेल्या उन्हाळ्यात आली. आल्यापासून रोज सकाळी दार धुते आणि सगळं पाणी माझ्या दारात सोडते. भांडी घासताना मोठमोठ्यानं गाते, सूर न्हाई, काय न्हाई. पोळ्याला बैलांचे फोटो काढत उभी राहिली आणि अर्धी गल्ली अडवली. दिवाळीच्या टायमाला हिनं डब्यात कोथिंबीर लावली. मुकं जनावर, माझ्या शेळीनं जरा तोंड लावलं, तर दिवसभर शेळी आपल्या दाराला बांधून ठेवली. संक्रांतीला मी हिच्या सासूकडं, तेव्हा बोलणं होतं म्हणून, पातेल्यात खीर दिली, तर खीर खाल्ली आणि पातेलं ठेवून घेतलं. कोथिंबिरीची भरपाई द्या, मग देते म्हणाली ही.

हवालदार लिहीत होते. उन्हाळा, पोळा, दिवाळी, संक्रांत. मधेच त्यांनी हात वर करून मावशींना जरा दमानं सांगायला सांगितलं.

मी वहिनीच्या कानाशी भाषांतर करायला लागले होते, पण तिला गरज नव्हती. भांडणाची मराठी तिची पक्की आहे. ती कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

"तुमची शेळी लई वांड हाय, मावशी. समदी कोथमीर खाल्ली, मुळं बी ठेवली न्हाईत. तुमी सॉरी बी म्हनला न्हाई."

"शेळीनं खाल्ली. मी कशाला म्हनू?"

"शेळी तुमची हाय."

"आन् पातेलं कुनाचं हाय?"

ते बराच वेळ चाललं. गल्ली आळीपाळीनं इकडं तिकडं माना वळवत ऐकत होती. हवालदारांनी पान संपवलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "बास. राहायली. हिथंच राहायली." मग त्यांनी वही मावशींच्या पुढं धरली.

"सही करा."

मावशींना वाटलं, तक्रार घेतली. पण त्या हुशार होत्या. कशावर, म्हणून विचारलं. हवालदारांनी सांगितलं की बाई इथं राहते, एवढ्यावर. सही असली तर ती राहणार, नसली तर महिनाअखेरीला तिला तिच्या देशाला परत जावं लागणार.

पेन मावशींच्या हातात होतं. काकू पायरीवरून समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिथं जाऊन दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, पण ते तिला जमण्यातलं नव्हतं. वहिनीनं कमरेवरचे हात काढले.

"आन् माझं पातेलं?" मावशींनी विचारलं.

हवालदार म्हणाले, ते माझ्या अखत्यारीत येत नाही.

"आना हिकडं," मावशी म्हणाल्या आणि वही मांडीवर घेतली. "पातेलं दिल्याबिगर ही कुठं बी जायाची न्हाई." आणि एकेक अक्षर दाबून त्यांनी सही केली.

परवाना आला, वर्षभराचा. त्या रविवारी दादा नांदेडहून पेढे घेऊन आला. वहिनीनं पातेलं राखेनं घासून लख्ख केलं, त्यात पेढे ठेवले आणि समोर निघाली. काकूनं तिला दारात गाठलं. पेढे ताटलीत काढून तिच्या हातात दिले आणि पातेलं परत आत नेऊन सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

"पेढे दे," ती म्हणाली. "पातेलं ऱ्हाऊ दे. पुढच्या साली हवालदार परत यायचा हाय."