कुसुमताईंचा फर्स्ट पीस

कुसुमताईंना कौतुक करता येत नाही. चाकणच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या आणि मी त्यांचा सुपरवायझर. केसाएवढा तडाही त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. माल चांगला निघाला तर म्हणायच्या, "पास." माझ्या मुलीच्या लग्नात जेवण कसं झालं विचारलं, तेव्हाही तेवढंच. बाई हट्टी, आणि मी काही कमी नाही.

आम्ही दोघं एकाच गावचे. निवृत्तीनंतर पुन्हा एकत्र आलो ते गावामागच्या माळासाठी. राडारोडा टाकून टाकून माळाची पार रया गेली होती. गावाने समिती केली, मी सचिव झालो. दोन वर्षं अर्ज करकरून एका संस्थेचं अनुदान मिळवलं. राडारोडा उचलला, गवत राखलं, रानातल्या जनावरा-पाखरांसाठी पाणवठा बांधला. ससे परतले, खोकडही दिसू लागलं. राखणीला कुसुमताईंना मीच लावलं. आता राहिली होती फिरायची वाट, शिफ्टवरून येणाऱ्या माणसांना आणि पोराबाळांना मोकळं चालायला. ती एकतीस मार्चच्या आत झाली नाही, तर उरलेलं अनुदान परत जाणार होतं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी ठेकेदार जयसिंग जेसीबी घेऊन आला. वाटेसाठी चुन्याची सरळ रेघ मी आदल्या दिवशीच मारून घेतली होती. कुसुमताई मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आधी फर्स्ट पीस," त्या म्हणाल्या.

जयसिंगला काही कळेना. मला कळलं आणि माझं डोकंच फिरलं. कारखान्यात मशीनवरचा पहिला नग पास झाल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. पण इथे माळावर कसला आलाय नग?

"ताई, चार दिवस राहिलेत. बाजूला व्हा."

"आधी तपासायचं, मग मशीन चालू करायचं, हे तुमीच शिकवलं न्हवं का साहेब? मला एकदा रेघ चालून बघू द्या."

मी जयसिंगला थांबायची खूण केली. त्या वाकून रेघेवरून चालत निघाल्या. मी धुसफुसत मागे. शंभरेक पावलांवर त्यांनी माझा दंड धरला.

"रिजेक्ट. पाय हलवू नका."

मला नुसते खडे दिसत होते. मग त्यांनी बोट दाखवलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. वर टिटवी केव्हाची कोकलत होती आणि मी समजत होतो, ती जेसीबीला भ्यायली. रानातल्या जनावरा-पाखरांना जागा मिळावी म्हणून आणलेल्या पैशातून मी त्यांचंच घर मोडायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली.

नकाशा बदलायचा तर संस्थेची मंजुरी हवी. संस्थेच्या मधुवंती मॅडमना फोटो पाठवले आणि रेघ माझी चुकली असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या दिवशी होकार आला. जयसिंगने जेसीबी परत पाठवला, माणसं लावली आणि कुदळ-फावड्याने, अंड्यांपासून चांगली लांब वळवून, एकतीसच्या संध्याकाळी वाट पुरी केली.

एप्रिलअखेर मॅडम पाहणीला आल्या. वळण कशासाठी ते मी त्यांना छाती फुगवून सांगत होतो. कुसुमताईंचं लक्ष नव्हतं. गवतात टिटवीमागे चार पिल्लं तुरुतुरु पळत होती. त्यांनी ती पाहिली, मग वाट पाहिली, मग माझ्याकडे वळल्या.

"पास," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्यांनी हजारो नग पास केले. सुपरवायझरला पहिल्यांदाच केलं.